राजबिंड्याची खरी चाल

माझी धाकटी बहीण जुन्या चित्रपटांची रिळं दुरुस्त करते. फाटलेली कड चिकटवायची, कडेच्या तुटलेल्या भोकांना ठिगळ लावायचं, बुरशी पुसायची. सगळं टेबलावर, हाताने रीळ सरकवत, भिंगातून एकेक चित्र पाहत. त्या हिवाळ्यात तिच्याकडे एक मूकपट आला होता, हॉलिवूडच्या अगदी सुरुवातीच्या काळातला. नावांच्या पाट्या गळून गेलेल्या, नटाचं नाव कुठेच नाही. तीन महिने ती त्याच्यावर खपत होती.

"दादा, असा राजबिंडा मी जन्मात पाहिला नाही," ती फोनवर म्हणायची. "हसू नकोस. साठीला आलेय, आता बोलायला कुणाची भीती?"

भीती दुसरीच होती. ती काम करायची त्या चित्रपट संग्रहालयाच्या तळघरातली जागा संपली होती. काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं, ते तिथले मोठे साहेब एकदा पाहून ठरवणार होते. आणि या रिळाची दुसरी प्रत कुठे असल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाहणीच्या सकाळी मी नात आणि तिच्या चार मैत्रिणींना घेऊन गेलो. सिनेमा कसा जिवंत ठेवतात ते त्यांनी पाहावं, अशी बहिणीचीच इच्छा होती. दिवे मालवले, मशीन घरघरलं आणि तिचा राजबिंडा पडद्यावर आला.

आला कसला, घुसला! दार उघडलं, टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. समोरच्या बाईपाशी तुरुतुरु गेला आणि कोंबडीने दाणा टिपावा तसा तिच्या हातावर ओठ टेकवून मोकळा झाला. मुली खिदळल्या. साहेबही.

"बाई, हा तुमचा देखणा? याच्यामागे कुत्रं लागलंय! असले माकडचाळे आपल्याकडे ढिगाने आहेत. काढून टाका."

त्याच्या चेहऱ्याची हजारो चित्रं बहिणीला पाठ होती, पण त्याला चालताना तिने त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं.

मी मुलींकडे वळलो. "हसलात, बरं झालं. आता नीट आठवा. तो एकटाच घाईत होता?"

"नाही, ती बाईपण!"

"खिडकीचा पडदापण फडफडत होता."

"आजोबा, घड्याळसुद्धा," नात म्हणाली.

त्या खोलीच्या कोपऱ्यात माणसाएवढं उंच, लंबकाचं घड्याळ होतं. दोरीला दगड बांधून लंबक कसा चालतो, ते मी तिला आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं. माणूस घाई करतो, लंबकाला ती करता येत नाही. एवढ्या उंच घड्याळात लंबक इकडून तिकडे जायला एक सेकंद घेतो.

"साहेब, पुन्हा एकदा लावता?"

"मास्तर, इथे शाळा भरवू नका हो."

"अर्ध्या मिनिटाची शाळा आहे."

ते हसले आणि बसले. मुलींनी मोठ्याने हेलकावे मोजले. तीस झाले, तेव्हा माझ्या घड्याळात वीसच सेकंद झाले होते.

"म्हणजे मशीनच खोटं बोलतंय!" नात ओरडली.

बहिणीने कपाळावर हात मारला. "अगं बाई! त्या काळी कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे, सावकाश; सेकंदाला चित्रं कमी यायची. आमचं मशीन बोलपटाच्या वेगावर बसवलेलं. वर्षानुवर्षं बोलपटच येतात इथे, वेगाच्या खटक्याला हात कोण लावतो?"

खटका आखडला होता. तेलाचे दोन थेंब सोडून ती तो इंच-इंच मागे घेत गेली. मुली मोजत होत्या, मी घड्याळ बघत होतो. तिसाला तीस जुळले. तिने रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं.

दार उघडलं. तो लगेच आत आला नाही. टोपी काढली आणि इथे थांबावं की नाही, हे न उमगून ती पुन्हा घालू लागला. मग बाईने वर पाहिलं आणि त्याचा हात खाली आला. मघाशी आम्ही हसलो होतो ती ही घालमेल होती. तो चालत गेला, वाकला, तिच्या हातावर ओठ टेकवले आणि मान वर करायला त्याला धीर होईना. रूप असं की नजर हटू नये. पण आपण देखणे आहोत याचं त्याला भानच नव्हतं. शब्द एक नाही आणि सगळं कळत होतं. मुली खुर्च्यांच्या कडेला सरकल्या.

तो जिन्यापाशी जाऊन थांबला, मागे वळला, आणि पडदा पांढरा झाला.

"मग?" साहेब म्हणाले. "ती हाक मारते की नाही?"

"पुढचं रीळ नाही, साहेब."

"नाही म्हणजे काय? कुठेतरी असेलच की! सगळ्या संग्रहालयांना पत्रं टाका."

"आणि हे?" बहिणीने हळूच विचारलं.

"हे कुठे चाललंय? हे नसेल तर ते जोडणार कशाला?"

"पण पत्रात लिहू काय? त्याचं नावच माहीत नाही."

"चेहरा पाठवा. एखादा तरी ओळखेल."

मग कोणतं चित्र पाठवायचं, यावरून पाच मुली आणि माझी बहीण भिंगासाठी भांडू लागल्या. दुपार झाली तरी त्यांचं एकमत काही होईना.