शालूचा इतिहास आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी कमांड आहे. कमांड म्हणजे संगणकाला दिलेला हुकूम. मला चाके नाहीत, बटणे नाहीत, रंगीत चित्रे तर नाहीतच. काळ्या पडद्यावर टाइप केलेली एक पांढरी ओळ, एवढाच माझा देह. पण त्या ओळीचा मला फार अभिमान आहे.

इंटरनेटवर फाइली साठवायला भाड्याने जागा मिळते, तिला बकेट म्हणतात. एका बकेटमधला माल मी दुसरीत जसाच्या तसा उतरवते. त्यासाठी माझ्यात दोन नावे लिहावी लागतात. आधी जिथून न्यायचे त्या बकेटचे, मग जिथे ठेवायचे तिचे. माझ्या शेपटाला एक कडक शब्दही आहे. पहिल्या बकेटमध्ये नसलेली फाइल दुसरीत दिसली, तर पुसून टाक, असे तो मला बजावतो.

माझा जन्म येरवड्यातल्या एका आयटी कंपनीत झाला. अमरावतीहून नोकरीसाठी आलेल्या भाग्यश्रीने मला लिहिले. एका कापड दुकानाचे फोटो मी रोज वाहत असे. सदरे विकले गेले की त्यांचे फोटो पुसत असे. वाटेत एकही फोटो कधी सांडला नाही, असे सांगताना आजही माझी मान ताठ होते. पुढे कंपनीत नवी बटणांची व्यवस्था आली आणि मला कोणी विचारेना. एका फोल्डरात मी पडून राहिले. फार वाईट वाटायचे.

भाग्यश्री दर शनिवारी सदाशिव पेठेतल्या एका छोट्या संस्थेत मदतीला जाते. तिथे अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून त्यांची रेकॉर्डिंग ठेवतात. संस्थेची जुनी बकेट बंद होणार होती, म्हणून सगळी रेकॉर्डिंग नव्या बकेटमध्ये हलवायची होती. भाग्यश्रीला माझी आठवण झाली आणि मी हरखून गेले. पण नवी बकेट सुरू होण्याआधीच तिला भावाच्या लग्नाला गावी जावे लागले. नावांच्या जागा मोकळ्या ठेवून तिने मला संस्थेचे चिटणीस दिगंबरकाका यांच्या हवाली केले. जाताना माझ्या डोक्यावर एक पाटी लिहून गेली: ‘आधी रंगीत तालीम करावी. न करता चालवल्यास नंतर फोन करून रडू नये.’ तालमीत मी काय काय करणार ते नुसते सांगते, हात कशालाच लावत नाही. मुलगी विदर्भातली, पण पाटी अस्सल पेठेतली.

जुन्या बकेटचा शेवटचा दिवस उजाडला. बी.ए.ला असलेली शालू काकांच्या शेजारी येऊन बसली होती. तिला डोळ्यांनी दिसत नाही. दोन दिवसांवर तिचा इतिहासाचा पेपर होता, आणि तिच्या पुस्तकाचे रेकॉर्डिंग त्या बकेटखेरीज कुठेच नव्हते.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांनी पत्रे लिहिली ती ‘प्रति’पासून. ज्याला पाठवायचे त्याचे नाव आधी, ही हाताची सवय. तसेच त्यांनी माझ्यात नव्या बकेटचे नाव आधी लिहिले आणि जुनीचे मागून. नवी तर रिकामी होती. म्हणजे माझ्या हिशेबाने जुन्या बकेटमधले प्रत्येक पुस्तक जास्तीचे ठरले, आणि ते मला पुसावे लागणार होते.

“उभी नोकरी कचेरीत गेली, आता ही पोरगी आम्हाला तालीम शिकवणार,” काका पुटपुटले. पण पुणेकर माणसाचे ऐको न ऐको, पाटीचे ऐकतो. त्यांनी तालीम लावली. ओळी भराभर सरकू लागल्या. काकांना त्या वाचता येईनात. “चाललंय झकास,” ते म्हणाले.

संस्थेच्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज आहे. तो बोलू लागला, “डिलीट, इतिहास, प्रकरण एक. डिलीट, इतिहास, प्रकरण दोन.”

“काका, कीबोर्डवरून हात काढा,” शालू म्हणाली.

“अगं, ही नुसती तालीम आहे.”

“म्हणूनच सांगतेय. माझा इतिहास पुसायची तालीम चाललीये. कॉपी हा शब्द एकदाही आला नाही. तुम्ही आधी कुणाचं नाव टाकलंत?”

“नव्या बकेटचं. जिला पाठवायचं तिचं.”

“अहो काका, हा अर्ज नाहीये.”

काका ओशाळले. त्यांनी नावांची अदलाबदल केली आणि पुन्हा तालीम लावली. शालूने ती शेवटच्या फाइलपर्यंत कान देऊन ऐकली. मग म्हणाली, “आता चालवा.” मी निघाले आणि एकूण एक पुस्तक नव्या बकेटमध्ये उतरवले. शालूने तिथून पहिले प्रकरण लावून पाहिले. खोलीत वाचणाऱ्या बाईंचा आवाज घुमला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच मला माझ्या कामाचा आनंद असा कानांनी ऐकू आला.

आता दर शनिवारी मी नव्या बकेटमधल्या पुस्तकांची एक जादा प्रत दुसरीकडे ठेवते. शालू तालीम ऐकत असते तोवर दिगंबरकाका हाताची घडी घालून बसतात.

मित्रांनो, मी थकत नाही, कुरकुरत नाही, सांगितलेले विसरत नाही. माझ्यासारखे आज्ञाधारक आता तुमच्या घराघरांत आहेत. आम्हाला जपा, आणि हुकूम सोडण्याआधी आम्ही काय करणार आहोत ते नीट ऐकून घ्या. कारण त्या दिवशी चुकीचा हुकूमही मी तितक्याच इमानाने पाळला असता. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. माझ्या वतीने ते तुम्हालाच म्हणावे लागेल.