तापल्या ड्रमवर तांब्याभर पाणी

मित्रांनो, जीपचे पुढचे उजवे चाक काढले की आत बिडाचे एक जड, टोपासारखे भांडे दिसते. तो मी. मला ब्रेकचा ड्रम म्हणतात. मी चाकाबरोबर फिरतो. माझ्या पोटात चंद्रकोरीसारख्या दोन पट्ट्या असतात. ड्रायव्हरने पेडल दाबले की नळीतले तेल त्या पट्ट्यांना बाहेर ढकलते, त्या माझ्या अंगाला घासतात आणि गाडी थांबते. घासायचे म्हणजे तापायचे, हे माझ्या नशिबीच आहे. त्याचे मला कधी भय वाटले नाही. मला भय वाटू लागले ते मायेने घातलेल्या पाण्याचे.

वाळूच्या साच्यात वितळलेले बीड ओतून मला घडवले. मग लेथवर चढवून आतून असे तासले, की केसाइतकाही उंचसखलपणा राहिला नाही. तिसगावच्या एका शाळेच्या जीपला मी लागलो. जीप चालवायचा पुंजाराम. "आमची गाडी सांगितल्या जागी उभी ऱ्हाती," असे तो चारचौघांत सांगे, तेव्हा मला धन्य वाटे.

पुंजारामचे वडील बैलगाडीची चाके करीत. चाकावर लोखंडी धाव चढवायची, तर ती आधी लालबुंद तापवतात, लाकडी चाकावर बसवतात आणि लगेच वरून पाणी ओततात. मग ती आवळून घट्ट बसते. पुंजारामने लहानपणापासून हेच पाहिलेले. तापले लोखंड पाण्याने घट्ट होते, एवढे त्याच्या मनात पक्के बसले होते. म्हणून करंजीचा घाट उतरला की तो पुढच्या दोन्ही चाकांवर तांब्या तांब्या पाणी ओतायचा. वर बैलाला थोपटावे तसा टायरवर हात मारायचा.

ते बहात्तर साल होते. माणसांना प्यायला पाणी मिळत नव्हते, तरी आपल्या वाटणीतले पाणी तो आम्हाला द्यायचा. त्याला वाईट कसे म्हणू? पण पाणी पडायचे माझ्या एकाच बाजूला. ती बाजू चटकन आकसायची, दुसरी तापलेलीच राहायची. हळूहळू माझा गोलपणा गेला. मग ब्रेक दाबला की पट्ट्या माझ्यावर उड्या मारत, गाडी थडथडे आणि स्टिअरिंग हातात नाचे.

पुंजारामला वाटले, ब्रेक ढिला झाला. त्याने पेडलचा दांडा आवळला. पुन्हा थडथड झाली, पुन्हा आवळला. शेवटी पेडलला बोटभरही मोकळी चाल उरली नाही. पाय काढला तरी नळीतले तेल माघारी फिरेना. पट्ट्या मला दिवसभर घासत राहिल्या. मी सपाट रस्त्यावरही तापू लागलो, आणि मी जितका तापे तितके पाणी वाढत गेले. मला सारे कळत होते. सांगायला तोंड नव्हते.

एका दुपारी नगरहून कबड्डीचे सामने खेळून शाळेच्या सहा मुली आणि त्यांच्या शिक्षिका दीनाबाई परत निघाल्या. घाटाच्या तोंडाशीच मी इतका तापलो होतो की उतार दिसताच मला धडकी भरली.

"काका, कायतरी जळतंय," मागून एक पोरगी म्हणाली.

"तुमी हरलाय, त्याचा वास हाय त्यो," पुंजाराम म्हणाला. मुली हसल्या. दीनाबाई हसल्या नाहीत.

"पुंजारामभाऊ, गाडी फार थरथरतेय."

"बाई, दरवेळी थरथरती. खाली गेलो की पानी घालतो."

दुसऱ्या वळणावर माझ्या तापाने शेजारचे तेल उकळले. उकळलेल्या तेलात बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला की नुसता दबतो, पट्टीला ढकलत नाही. पुंजारामचा पाय थेट तळाला गेला. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा तळाला.

दीनाबाईंनी त्याच्या पायाकडे पाहिले आणि मागे वळून शांतपणे म्हणाल्या, "खाली बसा सगळ्या. एकमेकींना धरा."

मला थांबायचे होते, मित्रांनो. पण मला पकडणारेच कोणी नव्हते. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगर. पुंजारामने खडाखडा आवाज करत गिअर खाली आणला. इंजिन किंचाळले, वेग थोडा तुटला. पुढच्या वळणावर दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचा ढीग होता, डोंगराच्या बाजूला. त्याने स्टिअरिंग तिकडे फिरवले. खडी अंगावर उडाली, चाके रुतली आणि गाडी उभी राहिली.

मागे एक मुलगी रडू लागली. दीनाबाईंनी एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत सहा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

पुंजाराम खाली उतरला. माझ्यातून धूर येत होता. त्याने पाण्याचा डबा उचलला. नको, नको, असे मी मनातल्या मनात ओरडत होतो. त्याने अख्खा डबा माझ्यावर रिकामा केला.

टण्. मला आरपार तडा गेला.

खाली जाणाऱ्या ट्रकबरोबर निरोप गेला आणि करंजीचा शमुवेल मिस्त्री सायकल ढकलत घाट चढून आला. त्याने आधी फक्त विचारले.

"हादरे कवा येत्यात? नुसती पळताना, का ब्रेक मारल्यावर?"

"ब्रेक मारल्यावरच."

"मग चाकाचा दोष न्हाई. ड्रमचा हाय."

त्याने जॅक लावून चाक उचलले आणि हाताने फिरवून पाहिले. पेडलवर कोणाचा पाय नसताना चाक हलेना. मग त्याने चाकामागचा तेलाचा स्क्रू जरासा सैल केला. तेल फुर्रकन उडाले आणि चाक मोकळे झाले.

"त्याल अडकून पडलंय. पेडलचा दांडा कुनी आवळला?"

"म्या."

शमुवेलने चाक काढले, माझ्यावरचा तडा पाहिला, मग ओला टायर पाहिला.

"आन् पानी?"

"म्याच. धाव बी तशीच बसवत्यात नव्हं?"

"पुंजाराम, धावंला आवळायचं असतं. ह्याला गोल ऱ्हायचं असतं."

पुंजाराम खाली खडीवर बसला. मुलींकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

जीपला नवा ड्रम बसला, दांड्याला बोटभर चाल ठेवली गेली. मी शमुवेलच्या गॅरेजात फळीवर आलो. मित्रांनो, गाडी हादरली तर ती कधी हादरते ते आधी नीट पाहा. न दाबताच ब्रेक तापत असेल, तर आवळण्याआधी जाणत्याला विचारा. आणि तापलेल्याला थंड व्हायला वेळ द्या. तेवढा वेळ त्याच्याजवळ नुसते बसून राहणे हीसुद्धा मायाच असते.

शमुवेल नव्या ड्रायव्हरांच्या हातात मला देतो आणि तड्यावरून नख फिरवायला लावतो. ते हसतात. "कुन्या येड्यानं केलं हे?"

पुंजाराम तिथे चहा पीत बसलेला असला, तर कप खाली ठेवून म्हणतो, "म्या. सहा पोरी होत्या गाडीत."

मग कोणी हसत नाही.