बाजूला काढलेला घास

मी ज्या किटात, म्हणजे इथल्या, जर्मनीतल्या पाळणाघरात, स्वयंपाक करत होते, तिथे एक नियम होता. मुलांची ताटं वाढण्याआधी प्रत्येक पदार्थातला थोडा भाग छोट्या पिशवीत भरायचा, वर नाव, तारीख, वेळ लिहायची आणि पिशवी फ्रीझरमध्ये ठेवायची. पुढे कुणाचं पोट बिघडलं, तर दोष कुठे शिरला ते प्रयोगशाळेत तपासता येतं. त्याला रुकश्टेलप्रोबे म्हणतात. आमच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख फ्राऊ लेशनर यांनी पहिल्या दिवशी हे समजावलं, तेव्हा मला हसूच आलं. आमची आई पानं वाढायच्या आधी नैवेद्याची वाटी काढायची, ते हेच की! फक्त इथला देव पांढरा कोट घालतो आणि लेखी निकाल देतो.

आठ वर्षांत ही सवय हातात मुरली. घरी मोठा स्वयंपाक असला, की मी पिशव्या काढायचे. काढता काढता ओठांवर काहीतरी यायचं, आई दळताना जोडायची तसं:

पहिला गं माझा घास, बाजूला मी ठेविते
रांधल्या हाताची गं, खूण त्याला सांगते

"झालं का तुझं सरकारी काम? भूक लागलीय," असं आमचे हे, दत्ता, हसत म्हणायचे.

मयुरेश भावोजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. आम्ही सगळे ह्या एकाच गावात, उंटरश्लाइसहाइमला, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. ते सॉफ्टवेअरमध्ये. जर्मन पासपोर्ट मिळाला त्याच वर्षी ते एका पक्षात गेले. मार्चमध्ये नगरपालिकेची निवडणूक होती. पण त्याआधी पक्षाच्या सभासदांनी आपापसात मत देऊन ठरवायचं होतं, की पक्षाच्या यादीत पहिलं नाव कुणाचं. पहिलं नाव म्हणजे निवडून येणं जवळजवळ नक्की. ते नाव एकतर भावोजींचं असणार होतं, नाहीतर अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या हेर ब्रांडलचं.

भावोजींनी मुद्दा निवडला मुलांच्या जेवणाचा. 'ताटात ताजं, ताटात सुरक्षित.' पत्रकावर माझा फोटो, डोक्यावर जाळीची टोपी, हातात डाव. मला विचारलं ते छापून आल्यावर.

"वहिनी, तुम्ही माझा पुरावा आहात," ते म्हणाले.

मग सप्टेंबरभर ते सभासदांच्या घरोघर फिरले, मी केलेले बेसनाचे लाडू घेऊन. मी एकदाच सोबत गेले. सायकलच्या हँडलवरचा हात तसाच डब्यात घालून ते लाडू काढून देत होते आणि दारातल्या म्हाताऱ्यांना स्वच्छतेवर व्याख्यान देत होते.

"भावोजी, हात तरी धुवा."

"वहिनी, पुढच्या दारात धुतो. आल्झो, तर मग, चला."

माझं मत कुणी विचारलं नाही, कारण मी सभासदही नाही आणि माझा पासपोर्टही निळाच आहे. पण मत आहे. प्रचारात अन्न फक्त बोलायला लागतं, आणि बोलण्यातलं अन्न नासत नाही. म्हणून प्रचार करणाऱ्यांना ते सोपं वाटतं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी पक्षाची ती बैठक होती. साठ सभासद. मतदान झालं की सगळ्यांना जेवण, आणि ते माझ्या हातचं, असं भावोजींनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला आवडलं होतं. माझ्या हातच्या मसालेभातानं एक मराठी माणूस नगरपालिकेत जातो, ह्याचं कौतुक मलाही होतं.

दोन मोठी पातेली लावून सकाळी अकराला भात उतरवला. तोंडली, काजू, गोडा मसाला. घर नुसतं घमघमत होतं. पिशवी भरली, वर लिहिलं: मसालेभात, अकरा वाजून दहा मिनिटं, ब्याण्णव अंश. फ्राऊ लेशनर यांनी किटाच्या गरम पेट्या वापरायला दिल्या होत्या. झाकण लावलं की संध्याकाळपर्यंत अन्न कढत राहतं.

एक वाजता हॉलमध्ये पोचलो. भावोजींनी पेट्या पाहिल्या आणि त्यांचा चेहराच पडला.

"ह्या प्लास्टिकच्या? वहिनी, कँटीन वाटतंय हो. फोटोग्राफर आलाय."

पुण्याहून मागवलेले दोन पितळी हंडे त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर मांडले आणि भात त्यांत ओतायला लावला. वर खोबरं, कोथिंबीर. मग हंड्यापुढे हात जोडून, डोळे मिटून नैवेद्य दाखवला. घरी दिवाळीलासुद्धा जो माणूस पूजेला फोनवर असतो, तो कॅमेऱ्यासाठी तीनदा डोळे मिटून उभा राहिला.

"झाला ना फोटो? आता परत पेटीत भरते," मी म्हटलं. "शिजलेला भात असा कोमट राहिला की विषारी होतो. कढत ठेवायचा नाहीतर गार करायचा, मधलं काही नाही."

"वहिनी, अर्ध्या तासात मतदान. लोक आत येताना वास आला पाहिजे. आज नियम नको, आज नुसतं हसा."

अर्ध्या तासाचे चार तास झाले. भाषणं झाली, पहिल्या फेरीत समसमान मतं पडली, वाद झाला, पुन्हा फेरी झाली. सव्वापाचला निकाल लागला. भावोजी चार मतांनी जिंकले. टाळ्या, मिठ्या. मी हंड्यात थर्मामीटर खुपसला. एकतीस अंश.

"भावोजी, हा भात टाकून द्यायला हवा."

"काय?" ते हसऱ्या चेहऱ्यानंच, दात न उघडता म्हणाले. "जिंकल्याबरोबर हंडा कचऱ्यात? उद्या काय छापून येईल? चार तासांत काय होतंय वहिनी, आपण लहानपणी सकाळचा भात रात्री खायचोच ना?"

आणि त्यांनी डाव माझ्या हातात दिला.

मी पैठणी नेसले होते. साठ लोक थाळ्या घेऊन माझ्याकडे बघत होते. फ्राऊ हूबर म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई सगळ्यांत पुढे होत्या, त्या म्हणाल्या, "काय सुंदर वास!"

मी वाढलं.

इथे मी थांबू शकले असते, हे मला तेव्हाच माहीत होतं. तेरा वर्षांची माझी ओवी रांगेत आली. तिनं ताट पुढं केलं, आणि मी ते काढून घेतलं. "तू तिकडचा ब्रेत्सेल पाव घे," एवढंच म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि रांगेतून बाहेर पडली. मीही खाल्लं नाही.

सकाळी फोन सुरू झाले. तेवीस जणांना उलट्या. फ्राऊ हूबर हॉस्पिटलमध्ये. उरलेला भात साफसफाईत टाकला गेला होता, हंडे घासून लख्ख झाले होते. रविवारी दुपारी भावोजींनी लोकांसाठी निवेदन लिहिलं: स्वयंपाक एका प्रशिक्षित स्वयंसेविकेनं आपल्या घरी केला होता, आम्ही तिच्या ज्ञानावर विश्वास ठेवला. माझं नाव नव्हतं. पण पत्रकावरचा टोपीतला फोटो सगळ्या गावानं पाहिला होता. तासाभरात फ्राऊ लेशनर यांचा फोन. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट. "प्रभा, चौकशी होईपर्यंत येऊ नका. तुम्ही नमुना ठेवला असेल ना?"

"ठेवलाय," मी म्हटलं. तो तपासला तर कळणार होतं, की माझ्या घरातून निघाला तेव्हा भात चांगला होता. मग पुढचा प्रश्न आपोआप येणार होता: एक ते साडेपाच तो कुठे होता?

भावोजींनाही ते कळत होतं. संध्याकाळी आले, बूट न काढता बसले.

"वहिनी, ती पिशवी द्या."

"उद्या आरोग्य खात्याची बाई येणार आहे. तिला देते."

"दादा, सांग रे हिला! नोकरी काय, दुसऱ्या किटात मिळेल. यादीतलं पहिलं नाव पुन्हा मिळत नसतं. आपल्यातला पहिला माणूस आहे मी इथे."

"पहिला घास घेतलात का काल?" मी विचारलं. "तेवीस जण आजारी, तुम्ही ठणठणीत. कसं काय?"

"फोटोच चालले होते," ते पुटपुटले. "वेळ मिळाला नाही."

हे चहा ओतत राहिले. भावोजी दार आपटून गेल्यावर एवढंच म्हणाले, "तो लहान आहे गं."

बेचाळीस वर्षांचा.

रात्र तशीच गेली. सकाळी दहाला आरोग्य खात्याची बाई आली, सोबत एक पेटी, बर्फ घातलेली. मी फ्रीझर उघडला. मटारची पिशवी होती, पुरणपोळ्या होत्या, खोबरं होतं. तळाच्या कप्प्यात, जिथे मी ठेवली होती, तिथे नुसती जागा होती, पिशवीएवढी, कडेनं बर्फ धरलेली.

मागे वळले. हे दारात उभे होते, ऑफिसला न गेलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फरशीकडे पाहिलं. ब्याण्णव अंशांवर उतरवलेला माझा भात, नवऱ्यानं पहाटे कुठल्या डब्यात टाकला असेल, जैविक कचऱ्याच्या की दुसऱ्या? कचऱ्याचं वर्गीकरण त्यांचं कधी चुकत नाही.

"नमुना नाही," मी बाईंना म्हटलं. "होता. आता नाही."

त्यांनी लिहून घेतलं. मी हंड्यांचं सांगितलं, खिडकीचं, चार तासांचं, एकतीस अंशांचं. त्या लिहीत होत्या, पण पेन हळू चालत होतं. नमुना हरवलेल्या बाईचं बोलणं.

"तापमान तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हो."

"आणि तरी वाढलंत?"

ओवी जिन्यात बसली होती, शाळेला दांडी मारून. ती जर्मनमध्येच बोलली, नेहमीसारखी, पण मला तो आवाज आईच्या भाषेतच ऐकू आला: "माझं ताट काढून घेतलंस, मम्मा. त्यांची नाही."

मला वाटलं, पोरगी आपल्याच बाजूनं कशी नाही? मग कळलं, ह्या घरात खऱ्या नमुन्यासारखी तीच तेवढी शाबूत राहिली आहे.

"हो," मी बाईंना म्हटलं. "मला माहीत होतं. मुलीला दिलं नाही, बाकीच्यांना वाढलं. हेही लिहा."

त्यांनी लिहिलं. मी सही केली.

फ्राऊ हूबर दहा दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी गेल्या. मी फुलं घेऊन गेले, त्यांच्या मुलानं दारातूनच घेतली. किटाची नोकरी गेली. ती जायलाच हवी होती, हे मी फ्राऊ लेशनर यांना स्वतःच म्हटलं. अहवालात हंड्यांचा उल्लेख 'एका व्यक्तीच्या म्हणण्यानुसार' असा आला. स्वयंसेविकेनं चूक कबूल केली, असं भावोजींनी लोकांना कळवलं, आणि स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याचं वचन प्रचारात घातलं. मार्चमध्ये ते निवडून आले. आता ते मुलांच्या जेवणाच्या समितीवर आहेत.

मी घरी असते. रोज दोन वेळा रांधते. पानं घेण्याआधी पिशवी काढते, वरण, भाजी, भात, एकेक चमचा. ओवी वर तारीख लिहिते, जर्मन पद्धतीनं, टिंबं देऊन. बाजारातून मी एक छोटा फ्रीझर आणलाय, कुलपाचा. किल्ली माझ्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी.

पहिल्यांदा ते कुलूप पाहिलं तेव्हा ह्यांनी विचारलं, "घरातसुद्धा?"

"हो," मी म्हटलं आणि त्यांच्या पानात भात वाढला. कढत.

रांधल्या हाताची गं, खूण आता लपविते
घरच्याच दारापासून, घास माझा जपिते