खिळ्यावरचा गेटपास

मी एक जुना गेटपास आहे. तळहाताएवढा, प्लास्टिकचा, निळ्या पट्टीचा. माझा उजवा कोपरा कात्रीने कापलेला आहे. तो का कापला, तेच मला सांगायचे आहे, मित्रांनो.

माझा जन्म वडखळजवळच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. माझ्यावर प्रवीणचा फोटो आहे. त्या दिवशी त्याने केस पाणी लावून चापून बसवले होते, त्यामुळे तो जरा घाबरलेला दिसतो. गेटवरच्या यंत्राला मला टेकवले की 'टुक' असा आवाज होई आणि प्रवीणची हजेरी लागे. कँटीनमध्येही माझ्याशिवाय ताट मिळत नसे. माझी वेळ कधी एका मिनिटानेही चुकली नाही, आणि मला त्याचा फार तोरा होता.

घरी मी दाराजवळच्या खिळ्यावर असे. तो खिळा प्रवीणच्या बायकोने, नूतनने, स्वतः ठोकला होता. ड्युटीला निघताना ती मला पदराने पुसून त्याच्या हातात देई. पाच वर्षांनी प्रवीणचे नाव पर्मनंट होणाऱ्यांच्या यादीत आले, तेव्हा त्याच्या आईने, हौसाबाईने, मला देवापुढे ठेवले. मी किती फुगलो होतो!

मग तो रविवार आला. प्रवीणची पाळी दोन ते दहा, आणि गावाच्या टीमची क्रिकेटची मॅच. आमच्याकडे अशा वेळी एक युक्ती चालते. दोस्ताकडे पास द्यायचा, तो दोघांचे पंच मारतो. प्रवीणने मला त्याच पाळीतल्या दोस्ताच्या, साहिलच्या, खिशात टाकले. दोन वाजता टुक. सात वाजता कँटीनमध्ये टुक. दहा वाजता टुक. मी आयुष्यात पहिल्यांदा खोटे बोललो, तेही तीनदा.

त्याच दिवशी चार वाजता प्रवीणने नूतनच्या कानाखाली मारली, अशी तक्रार झाली. मी ते पाहिले नाही. मी साहिलच्या खिशात होतो, हे विसरू नका. नूतन माहेरी रोह्याला गेली. कानाचा पडदा फाटला, असे डॉक्टरांनी लिहून दिले. रोह्याच्या कोर्टात केस उभी राहिली आणि कंपनीने कळवले, निर्दोष सुटल्याशिवाय पर्मनंटचे पत्र मिळणार नाही.

प्रवीणने रोह्यातल्या वकील रोहिणीताईंना गाठले. तुम्ही त्या वेळी कुठे होतात, असे त्यांनी विचारले. प्रवीणने फक्त मला टेबलावर ठेवले. ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी कंपनीकडून माझ्या नोंदींचा कागद मागवला. आता नूतन खोटी ठरणार होती. मला ओरडावेसे वाटले, पण गेटपासला फक्त टुक करता येते, तेही समोर यंत्र असेल तर.

तारखेच्या आदल्या दिवशी ताईंनी हौसाबाईलाही बोलावले. तो रविवार तिने लेकीच्या बाळंतपणासाठी गागोद्याला घालवला होता, त्यामुळे मुलगा ड्युटीवरच होता असे ती धरून चालली होती. ताई कागद वाचू लागल्या. दोन वाजता आत. सात वाजता कँटीन, अंडाकरी आणि भात.

"बाय, ता चुकीचा हाय," हौसाबाई म्हणाली. "त्या दिशी संकष्टी व्हती. चंद्र बघितल्याबिगर माझा प्रवीण पानी पन घेत नाय. अंडा खाईल व्हय तो?"

बिचारी आपल्या मुलाची बाजूच घेत होती.

ताईंनी कागद खाली ठेवला. "मग आजी, हे जेवलं कोण?"

भीतीने माझे प्लास्टिक आखडले. हौसाबाई हळूहळू मुलाकडे वळली. "प्रवीण, तू कंपनीत व्हतास ना रे?"

प्रवीणने मला उचलले आणि फोटो खाली करून पुन्हा ठेवले. "नाय, आये. मी घरात होतो. मॅच हरून आलो होतो. मी मारलं तिला."

ताईंनी तो कागद कोर्टात द्यायला साफ नकार दिला. खरे सांगणार असाल तर तुमची बाजू शेवटपर्यंत मांडीन, असे म्हणाल्या. प्रवीणने नोकरीचे विचारले. "जाईल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रवीणने कोर्टात सगळे कबूल केले. नूतन समोरच उभी होती. तिने चांगला कान त्याच्याकडे वळवला होता. आठवड्याभरात प्रवीणची नोकरी गेली आणि कंपनीच्या टाइम ऑफिसने मला रद्द करून माझा कोपरा कापला. साहिललाही कामावरून थांबवले. आम्हा तिघांत मी सर्वांत कमी दोषी, असे मी बराच काळ स्वतःला सांगत असे. आता सांगत नाही.

प्रवीण मला फेकून देणार होता. हौसाबाईने मला त्याच खिळ्यावर अडकवले. "ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली. "येता-जाता दिसूदे तुला."

पुढे एकदा नूतन आपले शिलाई मशीन न्यायला आली. दारातून बाहेर पडताना मी तिला दिसलो. धुळीने माखलो होतो. जुन्या सवयीने तिने पदराचे टोक हातात घेतले, मला पुसायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे माझे भाईबंद तुम्हाला नेहमी सांगतात. माझी विनंती निराळी आहे. जिथे तुम्ही नव्हतात, तिथे होतात असे आमच्या तोंडून वदवू नका. आणि माझ्यावरची धूळ राहू द्या. ती पुसायचा हक्क जिचा होता, तिने ती पुसली नाही.