एका सोन्यातली दोन सिंहासनं

विट्याजवळच्या एका गावातला जोतीराम केरळात कोट्टायमला गलाईचं दुकान चालवायचा. जुने दागिने वितळवून चोख सोनं वेगळं काढायचं, हा त्याचा धंदा. बायको रेश्मा गावाकडं, सासूजवळ. चैत्रातल्या यात्रेला तो घरी यायचा आणि पालखी देवळात परतली की त्याची बॅग भरली जायची.

यंदा तो आला तेव्हा त्याच्या गळ्यात चांदीचं गोल पदक होतं. त्यावर एक दाढीवाला माणूस. एका हातात हातोडा, दुसऱ्यात सांडशी.

"ह्यो कोण देव?" रेश्मानं विचारलं.

"देव न्हाई, संत हाय. ख्रिस्ती लोकांचा. सोनारांचा पाठीराखा, संत एलॉय."

दुकानाशेजारी थॉमस नावाचे एक म्हातारे सोनार होते. नजर अधू झाल्यावर त्यांनी काम थांबवलं आणि इटलीत नर्स असलेल्या मुलीनं पाठवलेलं हे पदक जोतीरामला दिलं. भट्टीपुढं बसणाऱ्याच्याच गळ्यात ते असावं, असं त्यांचं म्हणणं.

दुपारची जेवणं झाल्यावर दोघं लिंबाखाली बसली. मोहोर गळत होता. जोतीराम सावकाश सांगू लागला.

"चौदाशे वर्षं झाली असतील. फ्रान्सातल्या राजानं याला सिंहासन करायला सोनं दिलं. यानं ते करून दरबारात ठेवलं. राजा खूश झाला. तवा यानं बाजूचं कापड ओढलं, तर तिथं दुसरं सिंहासन. तेवढ्याच सोन्यात दोन केलेली. दुसरा कुणी असता तर उरलेलं सोनं वितळवताना आलेली घट म्हणून गिळलं असतं."

"मग?"

"राजानं जवळ ठेवून घेतला. रेशमी कपडे, सोन्याचा कंबरपट्टा. पण गुलामांची गलबतं किनाऱ्याला लागली की ह्यो पळत जायचा. हाय ते देऊन माणसं सोडवायचा. काही उरलं न्हाई की पट्टा द्यायचा आणि कमरेला दोरी बांधून दरबारात यायचा. पुढं बिशप झाला. वारला तवा खुद्द राणी त्याच्या अंत्ययात्रेत पायी चालली."

बोलता बोलता जोतीरामचा डोळा लागला. रेश्मानं पदक हातात घेतलं. ते त्याच्या अंगाइतकंच कोमट होतं. ती तिथंच कलंडली.

स्वप्नात तो दाढीवाला त्यांच्याच अंगणात बसला होता. भट्टीवरच्या मुशीत वितळलेलं सोनं काकवीसारखं संथ फिरत होतं आणि त्याचा उजेड भिंतींवर हलत होता.

"काय करून देऊ, बाई?"

"माझा नवरा एकाचे दोन करून द्या. एक तिकडं ऱ्हाईल, एक हितं."

त्यानं सांडशी खाली ठेवली. "माणूस मुशीत घालत न्हाईत. माणसं मी सोडवतो."

तो चालू लागला, ती मागोमाग. उन्हाळ्यात कोरडी पडणारी येरळा नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. पाण्यावर मोठाली गलबतं आली होती आणि त्यातून बायका उतरत होत्या. हातांना दोर, पण चेहरे शांत, जणू दोराची सवय झालेली. त्यातली एक रेश्मा होती. दाढीवाल्यानं कमरेचा सोन्याचा पट्टा सोडून गलबताच्या तांडेलाला दिला. दोर आपोआप गळून पडला, आणि तिला आपले हात अनोळखी वाटले.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं.

"आवं," तिनं जोतीरामला हलवलं. "मला तिकडं न्या."

तो उठून बसला. "भट्टीचा धूर असतोय. वर एकच खोली हाय."

"असू दे."

"आणि आई?"

चंद्राबाई, त्याची आई, दारात उभी राहून ऐकत होती. ती उंबऱ्यावर टेकली. "तुझा बा गुवाहाटीला गलाईतच होता. ये म्हणून त्यानं दोनदा कळवलं होतं. घर कोण बघंल म्हणून मी गेले न्हाई. मग तो तिकडंच वारला, आणि घर ऱ्हायलं." ती रेश्माकडं वळली. "माझी भावजय ऱ्हाईल माझ्याजवळ. तू जा, पोरी."

यात्रा झाल्यावर दोघं मिरजेहून गाडीत बसली. कोट्टायमच्या खोलीला एकच खिडकी होती, तिच्यात माडांच्या झावळ्या यायच्या. पहिले काही दिवस रेश्माला तिथली बोली पाण्याखालून ऐकू आल्यासारखी वाटायची. दुपारी भट्टी विझवून जोतीराम वर यायचा, हात स्वच्छ धुवायचा आणि दोघं एका ताटात जेवायची.

"करमतंय का?" एकदा त्यानं विचारलं.

"अजून न्हाई," ती म्हणाली आणि त्याच्या पुढ्यात आणखी भात वाढला.