दोन बोटं खाली आलेला गोलखांब

मित्रांनो, मी एक जुना गोलखांब आहे. फुटबॉलच्या मैदानाच्या एका टोकाला दोन पाय रोवून आणि डोक्यावर आडवा दांडा घेऊन मी सव्वीस वर्षं उभा आहे. जे घडलं ते मी अगदी समोरून पाहिलं.

एका वेल्डिंगवाल्यानं लोखंडी नळ्या जोडून मला घडवलं. दांडा जमिनीपासून बरोबर आठ फुटांवर बसवताना त्यानं तीनदा माप घेतलं. मैदानाच्या माळीकाकांनी मला पांढरा रंग दिला. तेव्हापासून दर हंगामाआधी तेच मला रंगवतात.

आमचा क्लब लहान. कुणी बेकरीत, कुणी टपाल कचेरीत राबायचं आणि संध्याकाळी सरावाला यायचं. वरच्या श्रेणीत जायचं स्वप्न सगळेच पाहायचे. मग एका वर्षी लंबू आला. बेकरीत पीठ मळणारा हा उंच खेळाडू डोक्यानं असे गोल करायचा की बघणाऱ्यांचं भान हरपायचं. सामना जिंकला की तो धावत येऊन माझ्या दांड्याला लोंबकळायचा. मागोमाग बाकीचेही लटकायचे. मला तो माझाच सत्कार वाटायचा. दांडा मधोमध हळूहळू वाकत होता, ते मला जाणवत होतं. पण मी सांगणार कसं आणि कुणाला?

माळीकाकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. ते क्लबच्या अध्यक्षांना म्हणाले, "मधला भाग खाली आलाय. वेल्डिंगवाल्याला बोलावू या का?"

"काका, यंदा आपण वरच्या श्रेणीत चाललोय," अध्यक्ष म्हणाले. "तिथे गेलो की नवाकोराच आणू."

काकांनी महिन्याभरानं पुन्हा विचारलं. उत्तर तेच मिळालं.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. बरोबरी चालणार नव्हती, जिंकायलाच हवं होतं. पंचांनी सामन्याआधी माझी उंची मापली, पण कोपऱ्यात, खांबाला लागून. तिथे ती बरोबर आठ फूट भरली. एक-एक अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला लंबूनं उडी मारून चेंडू डोक्यानं माझ्याकडे पाठवला. गोलरक्षक जागचा हललाही नाही. चेंडू माझ्या मधोमध, दांड्याच्या खालच्या कडेवर आदळला आणि गोलरेषेच्या अलीकडे पडला. मला जरा वर सरकता आलं असतं, तर! शिट्टी झाली. एका गुणानं आमची संधी हुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंबू एकटाच येऊन माझ्या पायाशी बसला. माळीकाका मोजपट्टी घेऊन आले. त्यांनी मधोमध माप घेतलं, मग पुन्हा घेतलं.

"दोन बोटं खाली आहे," ते म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही, पोरा."

लंबू उठून दांड्याखाली उभा राहिला. मग म्हणाला, "काका, सगळ्यात जास्त मीच लटकलोय याला."

काकांनी मोजपट्टी गुंडाळून खिशात ठेवली. 

त्यानंतर क्लब उसवतच गेला. आधी गोलरक्षक दुसरीकडे गेला, मग दोघे बचावपटू. लंबूलाही एका मोठ्या संघाचं पत्र आलं. त्यानं काकांना विचारलं, "जाऊ का?" काका म्हणाले, "जा. इथे थांबून कुणासाठी गोल करणार?" जाताना त्यानं माझ्या खांबावर एकदा हात ठेवला. त्याला थांबवावं असं फार वाटलं, पण थांबवणार कसं?

आता नवा हंगाम तोंडावर आला आहे. सरावाला जेमतेम नऊ जण येतात. त्यातले पाच तर एकमेकांना ओळखतही नाहीत. यंदा वर जाणं सोडा, आहोत तिथे टिकलो तरी पुष्कळ, असं प्रशिक्षक म्हणतात. चेंडू माझ्यातून आरपार जातात आणि मी नुसता पाहत उभा असतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात, मैदानावर काही वाकत असेल आणि कुणी दोनदा येऊन सांगत असेल, तर चांगल्या दिवसांची वाट पाहू नका. त्याच दिवशी उठा.

नवा गोलखांब काही आला नाही. परवा अध्यक्षांनी वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्यानं दांडा तापवला, सरळ केला, मधोमध माप घेतलं आणि हात पुसले. अर्ध्या तासाचं काम होतं.