उस्तादांना उघडं दार दिसत नाही

उस्ताद म्हणजे कुलपांचे उस्ताद. अख्ख्या वस्तीत असं एक दार नव्हतं ज्याला त्यांचा हात लागला नव्हता. त्यांची बायको, म्हणजे आजी, तर सांगायची, की एकदा त्यांनी नुसतं खोकून तिजोरी उघडली होती. आजीच्या बोलण्यातलं अर्धं सोडून द्यायचं आणि उरलेलं चाळून घ्यायचं, हे तिच्या लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी उस्तादांचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया. आधी चष्मा कुठे ते विसरले, मग वार, मग लेकीचं नाव. आजीला जन्मभर 'अगं' म्हणत आले होते, ते 'बाई' म्हणायला लागले. बोटं मात्र काही म्हणता काही विसरली नव्हती. हरवू नयेत म्हणून आजीने पुढच्या दाराला कुलूप घातलं, तर पाच मिनिटांत स्वारी रस्त्यावर. दोन कुलपं घातली, तर दहा मिनिटं लागली. तिसऱ्या वेळी शेजारच्या मास्तरीणबाईंचं बंद दार उघडून ते त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसले आणि बाई आल्यावर म्हणाले, "तुमचा खटका ढिला झालाय. मी होतो म्हणून बरं."

आजी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिच्या ध्यानात आलं, की या माणसाला फक्त बंद दार दिसतं. उघडं दिसतच नाही. पन्नास वर्षं उघड्या दाराशी त्यांचं काम तरी काय होतं? मग तिने घरातली झाडून सगळी दारं सताड उघडी टाकली, अगदी पुढचंसुद्धा, आणि खिडकीपाशी टेबलावर जुन्या कुलपांची पेटी मांडली. उस्ताद सकाळी बसायचे आणि एकेक कुलूप उघडायचे. ते चहा पिईपर्यंत आजी सगळी परत लावून ठेवायची. दोन वर्षं असा संसार चालला. उघड्या दारातून मांजरं आली, एकदा तर विमा विकणारा आला, पण उस्ताद काही बाहेर गेले नाहीत.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी यायची. अशा माणसांना ठेवून घेणाऱ्या एका केअर होमचं माहितीपत्रक तिने आणून ठेवलं होतं. आजीने ते खिडकीच्या फटीत कोंबलं. वारा यायचा तिथून.

"आई, कधी ठरवणार?"

"वेळ आली की सांगेन."

"वेळ आली हे कळणार कसं?"

"मला नाही कळणार तर काय त्या विमावाल्याला कळणार?"

उस्तादांनी चपला पातेल्यात घालून गॅसवर ठेवल्या होत्या, त्या दिवशी आजीने फोनवर सांगितलं, "आज सूप केलं होतं बाबांनी. टाच जरा कच्ची राहिली." लेक हसली, आणि हसता हसता तिचं विचारायचं राहून गेलं. आजीचा डावच तो होता. खरं सांगितलं तर उस्ताद हातचे जातील, म्हणून ती खऱ्यावर साखर पेरत होती.

मग तो मंगळवार आला. सकाळी दहाला आजी न्हाणीघरात पाय घसरून पडली. घोट्यातून कट्कन आवाज आला. उठायला गेली, तर डोळ्यांपुढे काजवे.

"अहो," तिने हाक मारली. "अहो, इकडे या जरा."

न्हाणीघराचं दार उघडंच होतं. तिथून तिला टेबल दिसत होतं आणि उस्तादांची पाठही. पाठ काही हलली नाही. चांगल्या वीस हाका झाल्या. मग आजीला स्वतःचीच युक्ती आठवली. उघडं दार कुठे दिसतंय त्यांना? तिने धड पायाने दार लोटलं. खटका उस्तादांनीच बसवलेला, लोटलं की आपोआप लागायचा.

तो आवाज झाला मात्र, खुर्ची सरकली. पावलं आली. बाहेरून तार फिरली, दोनदा नाही, एकदाच, आणि दार उघडलं. दारात उस्ताद उभे, ताठ, हातात हत्यार. कामावर असल्यावर दिसायचे तसेच देखणे दिसत होते.

"आलात?" आजी म्हणाली. तिला रडू आणि हसू एकदमच आलं. "हात द्या मला. पाय मोडलाय बहुतेक."

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दार मागेपुढे करून बघितलं.

"बाई, बिजागरी कुरकुरतेय तुमची," ते म्हणाले. तिला धक्का लागू नये म्हणून तिच्यावरून जपून पाय टाकला, फळीवरची तेलाची बाटली घेतली, बिजागरीत दोन थेंब सोडले आणि पुन्हा तसंच जपून बाहेर गेले. "आता नाही वाजणार," एवढं सांगितलं आणि पेटीपाशी जाऊन बसले.

लेक एक वाजता आली. तोवर आजी ओल्या फरशीवर पडून त्या पाठीकडे बघत होती. दार पुन्हा लोटून त्यांना बोलावता आलं असतं. तिने लोटलं नाही.

दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर लेकीने विचारलं, "नक्की काय झालं?"

"अगं, न्हाणीघरात एक मगर..." आजीने सुरुवात केली आणि थांबली. मग जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, तेलाच्या दोन थेंबांसकट. चपलांचं सूप, मास्तरीणबाईंचा सोफा, सगळं पुन्हा सांगितलं, पण या वेळी कशाला साखर लावली नाही. लेक हसली नाही.

"त्यांनी काही वाईट केलं नाही गं," आजी म्हणाली. "दार उघडलं, काम चोख केलं. पण त्यांच्या लेखी मी तिथे नव्हतेच. माझ्या जागी तू असतीस, पेटलेला गॅस असता, तरी त्यांनी बिजागरीच बघितली असती. खिडकीतलं ते माहितीपत्रक काढ."

केअर होममधल्या मुख्य बाई सगळं दाखवत होत्या. आजी कुबड्या टेकत थेट मोठ्या दारापाशी गेली.

"याला कुलूप आहे?"

"आकड्यांचं आहे. कुणालाही उघडत नाही."

"आठ दिवसांत उघडतील. दार झाकून टाका. जाड पडदा लावा, पुढे कुंड्या ठेवा. आणि त्यांची खोली सताड उघडी राहू द्या. ही पेटी खिडकीशी ठेवा, संध्याकाळी कुणीतरी कुलपं परत लावत जा."

"वीस वर्षांत असलं पथ्य कुणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. पण त्यांनी पडदा लावला.

आजी रोज चारला जाते. टेबलाच्या अलीकडे बसते, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवते. उस्ताद रोज तो पाय बघतात.

"बाई, पायाला काय झालं?"

"मगरीशी झुंजले. न्हाणीघरात शिरली होती."

ते कुलूप खाली ठेवून ऐकतात. मगर रोज हातभर वाढते. लग्नाला पन्नास वर्षं झाली, पण आजीची थाप मध्येच न तोडता त्यांनी कधी ऐकली नव्हती. "हे सांगून झालंय," म्हणायचे. आता नाही म्हणत.

परवा सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"मग तिचं तोंड बंद कसं केलंत?"

"कुलूप घातलं."

"कुठलं?"

आजीने पेटीतलं सगळ्यात जुनं पितळी कुलूप उचलून त्यांच्या हातात दिलं. उस्तादांनी ते उलटसुलट करून बघितलं, कानाशी नेऊन हलवलं.

"हे टिकेल," ते म्हणाले.